शाळेच्या ऑन-द-जॉब प्रशिक्षणाचा आढावा: मिस्त्रीपासून सुरुवात करा

एका अनुदानित शाळेच्या समन्वयक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे ऑटोमोटिव्ह आणि रिटेल हे दोन व्यवसाय विषय आहेत. तीन वर्षांपासून अकरावीची मुलं ८० तासांच्या ऑन-द-जॉब प्रशिक्षणाला बाहेर जातात. गेल्या वर्षी मुलं घेणाऱ्या ११ आस्थापना, म्हणजे गॅरेज आणि दुकानं, होत्या. त्यातल्या चौघांनी यंदा मुलं घ्यायला नकार दिला, पण त्याच चौघांच्या अभिप्राय फॉर्मवर सगळीकडे ‘उत्तम’ लिहिलेलं आहे. आता आढावा घ्यायचा कसा आणि सुधारणा कुठून सुरू करायची, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी त्या ‘उत्तम’बद्दल सांगतो, कारण असे फॉर्म मी कपाट भरून जमवले होते. कोल्हापूर परिसरात मी वीसहून जास्त वर्षं हे काम करतोय, आधी एमसीव्हीसीला, म्हणजे अकरावी-बारावीच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमाला, आणि नंतर नववी ते बारावीच्या व्यवसाय शिक्षणात. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला मी दुचाकीच्या गॅरेजमध्ये पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी मालकांचा फॉर्म आला, ‘उत्तम’. मुलाच्या डायरीत ‘खूप शिकायला मिळाले’. पुढच्या पालकसभेत त्याची आई बाजूला येऊन म्हणाली, “सर, पोराच्या पायाला चिखल्या झाल्यात. पाण्यात उभा राहून राहून.” तीन आठवडे तो फक्त गाड्या धूत होता.

त्या फॉर्ममध्ये कोणी खोटं लिहिलं नव्हतं. मुलगा वेळेवर यायचा, उलट बोलायचा नाही, मालक खूश होते. मुलाला वाटलं, तक्रार केली तर सर देणार ते गुण जातील. पहिल्या दिवशी पत्र घेऊन आणि शेवटच्या दिवशी शिक्का घ्यायला, एवढाच मी तिथे गेलो होतो. मधल्या १८ दिवसांत एकदाही नाही. चूक सरळसरळ माझी होती आणि आजही त्या माउलीचा चेहरा आठवला की पोटात तुटतं.

त्यानंतर मी एक गोष्ट शिकलो आणि बाकी सगळ्या सुधारणा तिच्यातून आल्या. आपण पत्र देतो मालकांना, संमती घेतो मालकांची, सही मागतो मालकांची. मूल मात्र दिवसभर उभं असतं मिस्त्रीजवळ. त्या मिस्त्रीला कोणी काही सांगितलेलंच नसतं. मालक सकाळी एवढंच म्हणालेले असतात, “शाळेतलं पोरगं येणार आहे, बघ जरा.” पोरगं कशाला आलंय, किती दिवस आहे, त्याला काय येतं, काय शिकवायचं आहे, मिस्त्रीला काहीच माहीत नसतं. त्यात बऱ्याच ठिकाणी त्याची कमाई दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या यावर असते. मुलाला पाना धरायला शिकवायचं तर अर्ध्या तासाचं काम तासाभराचं होतं. गाडी धुवायला लावलं तर कोणाचंच काही जात नाही. मुलाला छळावं असा त्याचा विचार नसतो, त्याच्या हिशोबात तेच सोपं असतं. रिटेलला मिस्त्रीच्या जागी फ्लोअर सुपरवायझर असतो. त्याचंही हेच. मुलाला कोपऱ्यातल्या फडताळावर बिस्किटांचे पुडे लावायला उभं केलं की तो मोकळा.

म्हणून आढावा घ्यायचा तर आधी मिस्त्रीकडे जा. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा. सकाळी गाड्या घ्यायची घाई असते आणि संध्याकाळी गाड्या द्यायची. फॉर्म घेऊन जाऊ नका. चहा सांगा, तिथल्याच स्टुलावर बसा आणि एखाद्या ठरावीक दिवसाबद्दल विचारा. “मुलगा कसा होता?” असं विचारलं की “चांगला होता” हेच उत्तर येणार. त्याऐवजी “परवा मंगळवारी दुपारी तो काय करत होता?” असं विचारलं की माणूस आठवून सांगतो. मग मी आणखी दोन गोष्टी विचारतो. त्याच्या हातातून हत्यार काढून घ्यावं लागलं असं कधी झालं? आणि कुठलं काम त्याच्यावर सोडून तुम्ही चहाला गेलात?

या शेवटच्या प्रश्नावर माझा फार भरवसा आहे. चेन ताणून देणं असो, ऑइल बदलणं असो, नाहीतर ब्रेकशू काढून साफ करणं, असं एक तरी काम मिस्त्री मुलावर सोडून जात असेल तर मूल शिकलं. ८० तास संपले आणि असं एकही काम सापडलं नाही, तर हजेरी १०० टक्के असली तरी ती जागा मी आमच्या नोंदीत फसलेली धरतो. दुकानातही तसंच. नव्या मालाचं चलन बघून पेट्या मोजून घेणं किंवा मुदत संपत आलेला माल पुढे काढणं एखाद्या मुलीवर सोपवून सुपरवायझर जेवायला गेला, तर तिथे काहीतरी घडलंय.

मिस्त्री जे सांगतात ते समोर लिहू नका, लिहायला लागलं की माणूस जपून बोलतो. मी परतीच्या एसटीत वही काढतो.

या बोलण्यातून काय हाती लागतं याची दोन उदाहरणं देतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरने, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याने, मला सांगितलं, “सर, पोरगं गुणी हाय. पण व्हर्नियर हातात दिला की नुसतं बघत बसतंय.” व्हर्नियर म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन. त्या मुलाला मापनाच्या प्रात्यक्षिकात २० पैकी १८ गुण होते, मीच दिलेले. शाळेत काय व्हायचं तर २५ मुलांमागे दोन व्हर्नियर, एक जण मोजायचा आणि बाकीचे त्याचं वाचन उतरवून घ्यायचे. व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर, हे सगळ्यांना पाठ होतं, पण कोणती रेघ कोणत्या रेघेशी जुळली हे डोळ्यांना कळत नव्हतं. त्या वर्षापासून आम्ही बाहेर पाठवण्याआधी सहा आठवडे रोज २० मिनिटं फक्त मोजायला ठेवली. नटबोल्ट, जुने पिस्टन, बेअरिंग, बांगड्या, जे मिळेल ते. प्रत्येक मुलाने स्वतः मोजायचं आणि शेजारच्याने पुन्हा मोजून ताडून बघायचं. पैसे लागले ते चार जुन्या व्हर्नियरचे, बाकी काही नाही.

दुसरं उदाहरण कार्बोरेटरचं. आमच्या प्रयोगशाळेत तो कापून, रंगवून, फळीवर लावून ठेवला होता आणि त्यावर आम्ही तीन आठवडे खर्च करायचो. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीची बीएस-६ मानकं लागू झाली आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच, त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. एका मिस्त्रीने मुलाला विचारलं, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागलाय, आता काय बघशील? मुलाकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्याकडेच नव्हतं. अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागतात आणि तो आपल्या हातात नाही, पण कशावर किती तास द्यायचे हे बऱ्याच अंशी शिक्षकाच्या हातात असतं. जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यामुळे कार्बोरेटर आम्ही काढला नाही. त्याचे तास कमी केले आणि त्याच मिस्त्रींना इंजिनाचा बिघाड दाखवणारा स्कॅनर घेऊन शाळेत बोलावलं. व्यवसाय शिक्षणात अतिथी व्याख्यानाची सोय असते. तिथे आपण सहसा इंजिनिअर किंवा प्राचार्य शोधतो. मिस्त्रींना बोलवा. आमच्या स्टाफरूममध्ये कुजबुज झाली की दहावी नापास माणूस अकरावीच्या वर्गाला शिकवणार. त्या दिवशी तासाची घंटा झाली तरी एक मूल जागचं हललं नाही. मानधनाची रक्कम लहान असते, पण शाळेने आपल्याला शिकवायला बोलावलं, हे तो माणूस घरी जाऊन सांगतो. पुढच्या वर्षी मूल पाठवलं की तो त्याला गाड्या धुवायला लावत नाही.

आता पाठवतानाचा कागद. शासकीय पत्र मालकांसाठी हवंच. पण मिस्त्रींसाठी एक वेगळं पान करा, मराठीत, ठळक अक्षरांत. वर मुलाचं नाव आणि त्याला आधीपासून काय येतं याच्या चार ओळी. खाली १० ते १२ कामं, गॅरेजच्या भाषेत. पुस्तकात ‘स्पॅनर’ असतो, गॅरेजमध्ये ‘दहा-अकराचा पाना’ असतो. पुस्तकात ‘व्हॉल्व्ह क्लिअरन्सचे समायोजन’ असतं, तिथे ‘टॅपेट सेट करणं’. ही यादी तुम्ही शाळेत बसून करू नका, मिस्त्रींकडून घ्या आणि अभ्यासक्रमाशी जुळवायचं काम तुम्ही करा. प्रत्येक कामापुढे तीन चौकटी ठेवा. पाहिलं, सोबत केलं, एकट्याने केलं. मिस्त्री फक्त टिक करतो. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही गेलात आणि सगळ्या टिका पहिल्याच चौकटीत दिसल्या, तर तिथल्या तिथे बोलता येतं. सगळं संपल्यावर कळून त्या मुलाला काय उपयोग? एका मिस्त्रीजवळ एकच मूल ठेवा. दोन ठेवली की ती एकमेकांशी बोलत बसतात.

मुलांची डायरी हा आणखी एक दुखरा भाग. सगळ्यांच्या डायऱ्या सारख्याच येतात, कारण शेवटच्या रात्री एकाची बघून बाकीचे उतरवतात. मी वर्णन लिहायला सांगणंच बंद केलं. रोज दोन गोष्टी. आज काय चुकलं, आणि आज हातात घेतलेल्या एका भागाचं चित्र, मापासकट. चुकलेलं दुसऱ्याचं उतरवता येत नाही. एका मुलाने लिहिलं होतं, “स्पार्क प्लग तिरका आवळला, आटे गेले, मिस्त्री काही बोलले नाहीत, मला रडू आलं.” त्या दिवशी तो जे शिकला ते कुठल्या गुणपत्रिकेत बसणार? सोमवारी पहिल्या तासाला आम्ही अशा नोंदी वाचतो, नाव न घेता, आणि आटे जाऊ नयेत म्हणून प्लग आधी हाताने का फिरवायचा हे ते मूल स्वतःच उठून सांगतं. चुकीबद्दल गुण कापायचे नाहीत हे मात्र आधीच, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगा आणि पाळा. एकदा कापलेत की पुढची डायरी पुन्हा ‘खूप शिकायला मिळाले’.

मुलं परतल्यावर आठ-दहा दिवसांच्या आत मिस्त्री, सुपरवायझर आणि मुलं यांना एकदा एकत्र बसवा. त्यांच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, शाळेच्या वर्कशॉपमध्ये. सभागृहात नको. सभागृह आलं की प्रमुख पाहुणे येतात, नारळ-शाल येते आणि शेवटी वेळेअभावी चर्चा राहून जाते. वर्कशॉपमध्ये काय होतं, तर एखादा मिस्त्री बोलता बोलता व्हाइस बघतो आणि म्हणतो, “याचे जबडे झिजलेत सर, मुलं यात काय पकडणार?” असे शेरे मला कुठल्याही तपासणीत मिळाले नाहीत. दोन तास पुरे. निघताना तीनच बदल ठरवा, जे पुढच्या वर्षी नक्की होतील. आम्ही एकदा १४ ठरवले होते, एकही झाला नाही. मालकांना त्यानंतर वेगळं भेटा, त्यांचा मान त्यांना द्या. मिस्त्रीने मालकांची तक्रार केली असं कधीही दिसू देऊ नका, नाहीतर त्याच्या पोटावर पाय येईल.

त्या चौघांबद्दल. नकार देणाऱ्यांकडे मी नेहमी जातो आणि कारणं बहुतेक वेळा तीच निघतात. मूल चार दिवस आलं आणि मग आलंच नाही, फोनही नाही. किंवा शाळेचं कोणी फिरकलं नाही आणि शेवटी फक्त शिक्का मागायला आलं. किंवा वेळ चुकीची होती. रिटेलवाल्यांना दिवाळीत हात हवे असतात, पण शिकवायला फुरसत नसते, म्हणून मुलं दिवाळीत पाठवली की ती ओझी उचलतात. मार्चमध्ये प्रत्येक दुकानात वर्षअखेरीचा हिशोब चाललेला असतो. अकरावीसाठी मला दिवाळीच्या सुट्टीनंतरचे तीन-चार आठवडे सगळ्यात चांगले वाटतात. गर्दी ओसरलेली असते आणि शाळेतही परीक्षांची धावपळ सुरू झालेली नसते. मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत तारेचे वेढे नव्याने भरणाऱ्या दुकानांचं गणित मात्र वेगळं. आमच्याकडे ऊस, त्यामुळे उन्हाळा लागला की जळालेले पंप येतात. काम शिकायला भरपूर, पण मिस्त्री रात्री दहापर्यंत अडकलेला. तिथे आम्ही जानेवारी धरतो. तुमच्या गावातल्या प्रत्येक धंद्याचा असा वर्षाचा हिशोब त्यांनाच विचारून एका कागदावर मांडा.

सुरक्षेच्या बाबतीत कुठेही नरम पडू नका. ही मुलं १८ च्या आतली आहेत. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ ते १८ वयाच्या किशोरांना धोकादायक कामात घेण्यावर बंदी आली. कारखान्यांसाठी धोकादायक प्रक्रियांची जी यादी आहे, तिच्यात फाउंड्री आहे. आमच्याकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या भरपूर, मालकही मनापासून “पाठवा” म्हणतात. पण वितळलेल्या लोखंडाजवळ मी मूल पाठवत नाही, फक्त शिक्षकांबरोबर क्षेत्रभेट. गॅरेजमध्येही वेल्डिंग, बॅटरीचं ॲसिड आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणं, या तीन गोष्टी त्या मिस्त्रींच्या पानावर खाली लाल अक्षरांत ‘करायच्या नाहीत’ म्हणून लिहिलेल्या असतात. बूट शाळेने द्या. चपलेवर आलेलं मूल परत पाठवायचा अधिकार मिस्त्रीला द्या. आणि पालकांना स्पष्ट सांगा की ही १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालची उमेदवारी नाही, शालेय शिक्षणाचा भाग आहे. नाहीतर कोणीतरी पगाराची आशा धरून बसतं आणि मग घरात मुलालाच बोल लागतात.

मुलींचं वेगळं बघावं लागतं आणि ते पाठवण्याआधी बघावं लागतं. जागा निवडताना मी आधी स्वच्छतागृह बघतो. मग बसचं बघतो. मुलींचा मोफत एसटी पास घर ते शाळा असतो, तेव्हा काम स्टँडपासून चालत जाण्याजोगं हवं आणि अंधार पडायच्या आत घरी पोचेल अशी वेळ हवी. आईला किंवा वडिलांना एकदा ती जागा दाखवून आणा. पाच वर्षांपूर्वी आम्ही एका मुलीला रिवाइंडिंगच्या दुकानात पाठवलं. आधी मिस्त्री नाराज होते. चौथ्या दिवशी मला म्हणाले, “तिचे वेढे माझ्यापेक्षा सारखे बसतात.” मुलींना ब्यूटी वेलनेसला आणि मुलांना ऑटोमोटिव्हला, ही वाटणी आपणच करतो, एखाद्या मालकाने ती मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

जवळपास एमआयडीसी नाही, मोठी दुकानं नाहीत, अशा गावातले शिक्षक विचारतात की आम्ही काय करायचं. त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ बघून यावं. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या शिक्षणात मुलं गावालाच सेवा देतात. कोणाचं फाटक वेल्ड करायचं, कोणाची वायरिंग दुरुस्त करायची. गिऱ्हाईक खरं, पैसे खरे, काम चुकलं तर पुन्हा करून द्यायचं. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली, कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जायची कल्पना आहे. कल्पनेची कमतरता आपल्याकडे कधीच नव्हती. शाळेतलं कोणीतरी नियमाने त्या कारागिराकडे जाऊन बसणं, हे कमी पडत आलं.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या शाळेतही घडली असेल. व्यवसाय प्रशिक्षक बहुतेक कंत्राटावर असतात. प्रशिक्षक बदलला की मालकांचा फोन नंबर, मिस्त्रींचं नाव, गेल्या वर्षी काय ठरलं होतं, सगळं त्याच्याबरोबर जातं आणि नवा माणूस पुन्हा शून्यापासून दार ठोठावतो. म्हणून शाळेची एक जाड वही ठेवा, मुख्याध्यापकांच्या कपाटात. प्रत्येक आस्थापनेला चार पानं. मालक, मिस्त्री, त्यांची सुट्टी, गर्दीचे महिने, कोणतं मूल कधी होतं, कोणतं काम एकट्याने करू लागलं, काय बिनसलं. ऑनलाइन माहिती भरायची ती भराच, पण ही वही हाताने लिहा आणि नव्या प्रशिक्षकाला पहिल्या आठवड्यात ती घेऊन प्रत्येक ठिकाणी न्या.

यंदापुरतं सांगायचं तर ११ पैकी सगळे सांभाळायचा हट्ट धरू नका. जिथे मिस्त्री मनापासून शिकवतात अशा पाच-सहा जागा निवडा आणि मुलं दोन तुकड्यांत पाठवा. त्या चौघांकडे मूल घ्या म्हणून जाऊ नका, काय चुकलं ते ऐकायला जा, आणि ज्या मुलाने मधेच यायचं सोडलं होतं त्याला बरोबर न्या. मी असं एकदा नेलं होतं. मुलाने खाली मान घालून सांगितलं की त्या आठवड्यात वडील दवाखान्यात होते, फोनमध्ये बॅलन्स नव्हता. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं, हातातला पाना त्याला दिला आणि म्हणाले, “मग ये की उद्यापासून.”